रोज पाऊण तास गिटार, आठ महिने झाले, तरी एफ लागत नाही

विचारणाऱ्यांची अडचण थोडक्यात अशी. वय चौतीस, नोकरी, घरी लहान मूल. आठ महिन्यांपूर्वी अकूस्टिक गिटार घेतली. रात्री जेवणं उरकली की रोज पाऊण तास बसतात. सी, ए मायनर, जी, डी या साध्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) येतात, पण एकीवरून दुसरीवर जाताना हात थांबतो. एफ तर वाजतच नाही. सोसायटीच्या गणपतीत एका भावगीताला साथ करायचं कबूल करून बसलेत आणि हातात दहा आठवडे आहेत. म्हणून त्यांना सरावाचं वेळापत्रक हवंय.

वेळापत्रक देतो. पण आधी तुमच्या पाऊण तासात काय होतं ते न बघता सांगतो, चुकलं तर कान धरा. पहिली पाच मिनिटं ट्यूनिंग. मग बोटांचा तो एक-दोन-तीन-चारवाला व्यायाम, सहाही तारांवर वर-खाली, लक्ष अर्धं टीव्हीत. मग जे गाणं येतं ते दोन-तीनदा, कारण ते वाजवताना बरं वाटतं. मग नव्या गाण्याचा व्हिडिओ, म्हणजे वीस मिनिटं बघणं आणि पाच मिनिटं वाजवणं. शेवटी एफची आठवण होते, चार वेळा तारा थडथडतात आणि गिटार पुन्हा भिंतीला.

बावीस वर्षं शिकवतोय. मोठ्या वयात शिकायला येणाऱ्या दहातल्या आठांचा सराव असाच असतो, माझाही असाच होता. यात आळस नाही. फक्त जे येतं आणि जे नुसतं बघायचं त्याला पस्तीस मिनिटं मिळतात आणि जे अडतं त्याला दोन.

पियानोवाल्यांवर झालेला एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात रॉबर्ट ड्यूक आणि सहकाऱ्यांनी तो 2009 साली प्रसिद्ध केला. पियानोच्या 17 विद्यार्थ्यांना रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या कॉन्चेर्टोतला (ऑर्केस्ट्रासह वाजवायच्या रचनेतला) एक अवघड छोटा तुकडा दिला, हवा तितका वेळ सराव करू दिला आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. कोण किती वेळ बसलं, कोणी तो तुकडा किती वेळा घोटला, याचा दुसऱ्या दिवशीच्या क्रमवारीशी संबंध लागला नाही. चुका वरच्या क्रमांकाच्या मंडळींकडूनही झाल्याच होत्या. फरक इतकाच, की चूक झाली की ते नेमक्या त्या जागी थांबायचे, तेवढीच जागा हळू करायचे आणि ती सुटल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. बाकीच्यांच्या सरावात हे इतकं दिसलं नाही.

तुम्ही चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करता ना? गाण्याची सुरुवात तुमची छान असणार, ती आठ महिने रोज वाजते आहे.

म्हणून आज सराव सुरू करायच्या आधी एक काम करा. फोन समोर ठेवून ते भावगीत एकदाच, न थांबता रेकॉर्ड करा. कितीही वाईट वाजलं तरी थांबू नका. मग वही घेऊन ऐका आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातं तेवढं लिहा. ‘कॉर्ड बदल जमत नाही’ असं मोघम लिहू नका. ‘सी वरून एफ: अनामिका उशिरा पोचते’, ‘जी वरून सी: उजवा हात थांबतो’ असं लिहा. तीनपेक्षा जास्त ओळी निघाल्या तर पहिल्या तीन ठेवा. पुढचे दोन आठवडे तुमचा अभ्यासक्रम तोच.

कॉर्ड बदलताना हात थांबतो याचं कारण बहुतेकदा असं, की आपण कॉर्ड शिकतो पण दोन कॉर्डमधला रस्ता शिकत नाही. ए मायनर आणि सी या दोन्ही तुम्हाला येतात. पण एकीवरून दुसरीवर जाताना तुम्ही तिन्ही बोटं उचलता, हवेत नेता आणि पुन्हा एकेक करून ठेवता. आता नीट बघा: तर्जनी दोन्हीत दुसऱ्या तारेच्या (पहिली तार म्हणजे सगळ्यात बारीक) पहिल्या फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर) आहे, मधलं बोट दोन्हीत चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. हलायचं आहे फक्त अनामिकेला, तिसऱ्या तारेवरून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. हे एकदा दिसलं की तो बदल दोन दिवसांत बसतो. प्रत्येक जोडीला हाच प्रश्न विचारायचा: कुठलं बोट जागेवर राहतं, कुठलं त्याच तारेवर सरकतं, आणि कुठल्याला खरोखर उडी मारायची आहे? उडी मारणाऱ्याला सगळ्यात आधी सोडा.

आता मोजमाप. भावगीत दादऱ्यात आहे आणि एका आवर्तनाला एक कॉर्ड आहे असं धरू. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 120 ठोक्यांवर ठेवला, एका ठोक्याला एक मात्रा, तर सहा मात्रा तीन सेकंदांत संपतात, म्हणजे मिनिटाला वीस बदल. तेव्हा घड्याळ लावून एक मिनिट नुसतेच सी–एफ, सी–एफ बदल करा आणि स्वच्छ लागलेले मोजा. आज नऊ आले तर वहीत नऊ लिहा. गाण्यात वीस लागणार असतील तर नुसत्या सरावात सव्वीस-सत्तावीस यायला हवेत, कारण गाताना, लोकांसमोर आणि घामेजल्या बोटांनी त्यातले पाच-सहा गळतात. आकडा रोज वाढणार नाही. दोन दिवस घसरेलसुद्धा. आठवड्याचा आठवड्याशी ताळा करा, दिवसाचा दिवसाशी नको.

एफबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या अंदाजाने गिटार माळ्यावर जाण्याचं सगळ्यात मोठं कारण ही एक कॉर्ड आहे.

पहिली शंका स्वतःच्या बोटांवर घेऊ नका, गिटारवर घ्या. एफ पहिल्या फ्रेटवर लागते, म्हणजे नटला (गळ्याच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) अगदी लागून, आणि तिथे तार दाबायला सगळ्यात जड जाते. नटच्या खाचा उंच असतील तर पैलवानालाही ती लागणार नाही. तपासणं सोपं आहे: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातूची पट्टी यांच्यात किती फट उरते ते बघा. जाड कागदाइतकी हवी. त्याहून बरीच जास्त असेल तर कारागिराकडून सेटअप करून घ्या. बाराव्या फ्रेटवरची उंचीही त्याला मोजायला सांगा. जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोनच्या आसपास, ही अकूस्टिकसाठी बरी. आणि 12 नंबरच्या तारा असतील तर काढा, 11 किंवा 10 चा बारीक संच लावा. आवाज थोडा पातळ होतो, होऊ दे.

त्यात आता पावसाळा. ओल धरली की गिटारची वरची फळी फुगते आणि तारा उंच होतात. मे महिन्यात लागणारी बार कॉर्ड (एफसारखी, तर्जनी आडवी टाकून धरायची) जुलैत लागेनाशी होते आणि विद्यार्थी म्हणतो, ‘सर, मी मागे जातोय.’ बाबा रे, तू नाही, लाकूड पुढे आलंय. गिटार बाहेरच्या भिंतीला टांगू नका, घराच्या आतल्या कोरड्या भिंतीला टांगा. ओल फारच असेल तर कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. वाजवून झालं की तारा सुती फडक्याने पुसा, नाहीतर पंधरा दिवसांत गंज.

गिटार ठीक निघाली तर पुढचं. एफ पहिल्या फ्रेटवर शिकूच नका. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा. तिथे तो ए मेजर होतो आणि निम्म्या जोरात वाजतो. आठवडाभर तिथेच राहा. मग चौथा फ्रेट, मग तिसरा (तो जी), मग दुसरा. पहिल्यावर पोचायला चार-पाच आठवडे लागतील. पोचाल तेव्हा आकार हाताला माहीत असेल, फक्त थोडा जास्त जोर लागेल.

आणि तर्जनीने सहाही तारा दाबायच्या असतात हा गैरसमज टाका. एफमध्ये पाचवी तार अनामिका सांभाळते, चौथी करंगळी, तिसरी मधलं बोट. तर्जनीच्या वाट्याला उरल्या फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. बोटाच्या मधल्या पेराशी जी घडी पडते तिथून आवाज येत नाही म्हणून लोक जीव खाऊन दाबतात, पण तिथे आवाज यायची गरजच नसते. तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती करा, तिथली कड हाडाची आहे. फ्रेटच्या पट्टीला चिकटून ठेवा. कोपर अंगाजवळ घ्या. मग अंगठा क्षणभर गळ्यापासून सोडून बघा. हाताच्या ओढीवर कॉर्ड थोडीतरी वाजते ना? जोर तिथून यायचा असतो. अंगठ्याच्या चिमट्याने जो जोर काढतो त्याचं मनगट महिन्याभरात बोलायला लागतं.

माझं बोललं होतं. एका परीक्षेच्या आधी रोज पाच-पाच तास बार कॉर्ड घोटल्या, दुखतंय तर दुखू दे म्हणत. परीक्षा बाजूलाच राहिली, दोन महिने ताटातली वाटीसुद्धा डाव्या हाताने उचलवत नव्हती. तेव्हापासून नियम केला. बोटांची टोकं हुळहुळणं ठीक. अंगठ्याच्या मुळाशी थकवा येणं ठीक, पण तो आला की दोन मिनिटं हात खाली सोडून बसायचं. मनगटात कळ किंवा बोटांत मुंग्या आल्या तर त्या दिवशीचा डावा हात संपला. चार-पाच दिवसांत थांबलं नाही तर डॉक्टर.

दहा आठवड्यांत पूर्ण एफ पहिल्या फ्रेटवर गाण्याच्या लयीत बसेल याची हमी मी देणार नाही. म्हणून गणपतीसाठी लहान एफ घ्या: तर्जनीने पहिली-दुसरी तार पहिल्या फ्रेटवर, मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्यावर, अनामिका चौथ्या तारेच्या तिसऱ्यावर, वरच्या दोन जाड तारा सोडून द्या. सी वरून येताना तर्जनी आहे तिथेच राहून फक्त आडवी होते, बाकीची दोन बोटं एकेक तार खाली उतरतात. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. मोठ्या एफचा सराव चालू ठेवा, पण लग्नाच्या पंगतीत नवा पदार्थ पहिल्यांदा करून बघायचा नसतो.

आता तुमचा पाऊण तास. पहिली तीन मिनिटं ट्यूनिंग आणि मोकळ्या तारांवर उजवा हात. मग पंधरा मिनिटं वहीतल्या त्या तीन जागा, पण पाच-पाच मिनिटांचा गठ्ठा करून नाही. दीड-दोन मिनिटं सी–एफ, मग तेवढंच जी–सी, मग तिसरी जागा, आणि पुन्हा सी–एफ. असा फेरा धरायचा. असं करताना सराव वाईट झाल्यासारखा वाटेल, कारण प्रत्येक वेळी हात पुन्हा अडखळतो. एकच गोष्ट सलग घोटली की पाचव्या मिनिटाला ती फार सुंदर वाजते आणि उद्या सकाळी गायब असते. मिसळून केलेला सराव त्या वेळी कच्चा दिसतो पण टिकतो. शी आणि मॉर्गन या दोघांनी हाताच्या हालचालींच्या प्रयोगात 1979 मध्येच हे दाखवून दिलं होतं, आणि मी ते दर वर्षी नव्या मुलांत बघतो.

किती वेळा करायचं? मी कॅम्पात ज्या गोवेकर सरांकडे शिकलो ते टेबलावर पाच शेंगदाणे मांडायचे. एकदा बरोबर वाजलं की एक दाणा डावीकडून उजवीकडे. चूक झाली की सगळे परत डावीकडे. पाचही पलीकडे गेले की खायचे. मी त्यात बदल केलाय, तीनच दाणे. पाचव्या दाण्यावर चुकून सगळे परत येताना बघितले की दमून आलेला मोठा माणूस चिडतो, आणि चिडलेला हात घट्ट होतो. तीनदा सलग बरोबर येत नसेल तर तुमची लय जास्त आहे इतकाच त्याचा अर्थ. मेट्रोनोम दहाने खाली.

पुढची दहा मिनिटं उजव्या हाताला. स्वतःहून शिकणारे सगळा जीव डाव्या हातात ओततात, आणि ऐकणाऱ्याला खटकतो तो उजवा. कॉर्ड चुकली तर फार थोड्यांना कळतं, लय तुटली की मांडवातलं पोर वळून बघतं. तेव्हा डाव्या हाताने तारा नुसत्या झाका, कॉर्ड धरू नका, आणि दादऱ्याचे बोल तोंडाने म्हणा: धा धि ना, धा ती ना. पहिल्या ‘धा’ला जाड तार एकटी, मग ‘धि ना’ला बारीक तारांवर दोन हलके फटकारे. चौथ्या मात्रेवर तालाची खाली (टाळी नसलेली जागा) आहे, तिथला ‘धा’ जरा दबका ठेवा. एवढं केलं तरी साथ एकदम तबल्याशी जुळायला लागते. अप-डाउन बाणांची चित्रं बघून ठेका बसत नाही, बोल म्हणून बसतो, आणि बोल आपल्या कानांत लहानपणापासून आहेत. केरवा असेल तर धा गे ना ती, ना क धी ना. बोल पक्के झाले की कॉर्ड आणा, आणि नियम एकच: उजवा हात थांबणार नाही. डावा पोचला नाही तर न पोचलेल्या कॉर्डवर वाजवा, थडथडू दे. समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) हजर राहणं हे कॉर्ड स्वच्छ असण्यापेक्षा मोठं आहे.

मेट्रोनोमशी भांडण होईल. तो पळतोय असं वाटेल, मग मागे पडतोय असं वाटेल. 60 पासून सुरू करा आणि तीन दाणे पलीकडे गेल्याशिवाय वाढवू नका. वाढवताना चार-पाचाने, दहाने नको. आपल्याकडे गवई ठाय लयीत महिनोन्महिने पलटे घोटतात ते उगाच नाही. हळू वाजवताना हात काय करतोय ते दिसतं. फक्त आठवड्यातून एकदा, मुद्दाम, पूर्ण लयीत एकदा वाजवून बघा, चुकलं तरी. वेगात कुठली हालचाल मोडते ते हळू लयीत कळत नाही.

मग बारा मिनिटं गाणं. रोज वेगळ्या जागेपासून: सोमवारी अंतऱ्यापासून, मंगळवारी शेवटच्या ओळीपासून उलट, बुधवारी मधल्या म्युझिकपासून. पहिल्यापासून फक्त शनिवारी. उरलेली पाच मिनिटं तुमची, हवं ते वाजवा. ती कापू नका, नाहीतर महिन्याभरात गिटार म्हणजे आणखी एक ऑफिस होईल.

बोटांचा एक-दोन-तीन-चार व्यायाम मी वेळापत्रकात ठेवलाच नाही, हे लक्षात आलं असेल. वाईट नाही तो, पण साथीच्या गिटारला त्याचा उपयोग फार थोडा आणि वेळ मात्र भरपूर खातो. बोटं फिरवायचीच असतील तर इटालियन गिटारवादक माउरो जुलियानी याचे उजव्या हाताचे 120 तुकडे आहेत. ते सगळे सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर फिरतात, डाव्या हाताला काम जवळजवळ नाही. पुढे बोटांनी वाजवायला लागाल तेव्हा रोज त्यातले दोन घ्या. आत्ता नको.

काही रात्री पाऊण तास मिळणार नाही. पोराला ताप असेल, कॉल लांबेल. त्या दिवशी आठ मिनिटं: एक मिनिटाचे बदल तीन जोड्यांचे, आकडे वहीत, बाकी उजवा हात. पडदा आणि सोफ्यामधून गिटार काढून, कव्हर उघडून, ट्यूनर शोधण्यातच आठ मिनिटं जाणार असतील तर ती कधीच होणार नाहीत. म्हणून ती भिंतीवर, ट्यूनर गिटारच्या डोक्याला लावलेला, वही-पेन खाली. रविवारी तीन तास बसून आठवड्याची भरपाई होते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. चाळीस मिनिटांनंतर तुमचे कान दमलेले असतात आणि मग तुम्ही चुकाच घोटता.

दर रविवारी तेच गाणं पुन्हा एकदा रेकॉर्ड करा, वहीतल्या जागा तपासा. सुटलेली खोडा, नवी लिहा. दोन आठवड्यांत एकही सुटली नाही तर वेळ वाढवू नका, जागा आणखी लहान करा. ‘सी वरून एफ’ ऐवजी ‘सी वरून एफकडे जाताना फक्त अनामिका’.

सातव्या आठवड्यापासून नवं काही शिकू नका. उभं राहून, पट्टा लावून वाजवायला लागा. बसून लागणारी कॉर्ड उभ्याने लागत नाही, कारण मनगटाचा कोनच बदलतो, आणि हे लोकांना मांडवात पोचल्यावर कळतं. जी गाणार आहे तिची पट्टी आत्ताच विचारून ठेवा. तिला सीची पट्टी झेपत नसेल तर कॅपो (गळ्यावर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून आकार तेच ठेवता येतात, आणि कॅपोच्या वर तारा थोड्या मऊही लागतात. नव्या तारा आदल्या दिवशी लावू नका, त्या ताणून बसेपर्यंत उतरत राहतात. चार-पाच दिवस आधी लावा. आणि आठवडाभर आधी घरच्या चौघांना बसवून, पंखा आणि टीव्ही चालू ठेवून, एकदाच वाजवा. दुसरी संधी मागायची नाही. मधे कुठे अडलात तर गाणारी पुढे जाऊ दे, तुम्ही पुढच्या समेवर तिला गाठा. हे गाठणंसुद्धा सरावाचं आहे, त्या आठवड्यात रोज दोनदा मुद्दाम मधेच हात सोडा आणि पुढच्या ‘धा’वर परत या.